लीलाबाईंचा कान

नाणं हातात आलं की लीलाबाई आधी ते बघायच्या नाहीत, वाजवायच्या. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकावर ते तोलायचं, दुसऱ्या नाण्याच्या कडेनं हलकी टिचकी द्यायची आणि डोळे मिटायचे. चांदी असली तर टिचकीमागून बारीक नाद निघतो आणि लांबवर थरथरत जातो. शिसं किंवा जस्त असलं तर नुसतंच टक्, पुढं काही नाही. त्यांचे वडील गुलमंडीच्या बाजारात एका सराफाकडं मुनीम होते. मोडीत घालायला आलेले जुने रुपये वाजवताना ते आठ वर्षांच्या लीलेला भिंतीकडं तोंड करून बसवायचे आणि विचारायचे, "हा कसा?" पोर "खरा", "खोटा" सांगायची, आणि चुकायची नाही.

पुढं छावणीतल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी झाली, मुलंबाळं आपापल्या ठिकाणी गेली, आणि निवृत्तीनंतर बाईंना नाणी जमवणाऱ्यांची मंडळी भेटली. दर दुसऱ्या रविवारी सकाळी कय्युमभाईंच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात पाच-सहा जण जमत. कोणी निजामी रुपये जमवायचं, कोणी तांब्याचे पैसे. वाद झाला की नाणं शेवटी बाईंच्या हातात जायचं. त्यांनी "देवाशप्पथ खरं आहे" म्हटलं की विषय संपला. सदुसष्टाव्या वर्षी बाईंना हाच एक मान उरला होता, आणि तो त्यांना मनापासून आवडायचा.

मार्चमधल्या त्या रविवारी शिवराज नावाचा विक्रेता एक नवंकोरं नाणं घेऊन आला. एका खासगी टांकसाळीनं काढलेलं, एक तोळा शुद्ध चांदीचं, एका बाजूला दौलताबादचा किल्ला. मोजकीच नाणी पाडली होती. सगळ्यांनी मिळून दहा घेतली तर तो सवलत देणार होता. नाणं गोल पारदर्शक डबीत बंद होतं.

बजाजनगरहून आलेले बद्रीनाथअण्णा कंपनीतून निवृत्त झालेले, तोंडानं फटकळ. म्हणाले, "चांदीच घ्यायची तर सराफाकडून लगड घ्यावी की! ह्या किल्ल्यासाठी वरचे पैसे कशाला? किल्ला तर तिकीट काढून बघता येतो."

"अण्णा, लगड काय नातवाला दाखवणार?" कय्युमभाई हसले. "हे जपून ठेवायची चीज आहे. पन्नास वर्षांनी हिला कोण विचारेल ते बघा."

"पन्नास वर्षांनी मला कोण विचारतंय ते आधी बघा."

हसणं झालं. घासाघीस झाली. मग नेहमीप्रमाणे सगळे बाईंकडं वळले. बाई म्हणाल्या, "डबी उघडा."

शिवराज कचरला. "बाई, डबी उघडली की नाण्याची किंमत उतरते. हात लागला की डाग पडतो."

"अन् न वाजवता घेतलं की झोप उडते. उघडा."

त्यानं नाइलाजानं डबी उघडली. बाईंनी नाणं पदरानं धरून बोटावर तोललं, टिचकी दिली, डोळे मिटले. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली. मग नाणं डबीत ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मुकं आहे. आत दुसरं काहीतरी आहे. घेऊ नका."

शिवराजचा चेहरा पांढरा पडला. "बाई, माझं नाव जाईल! तुम्ही कसंही तपासा, पण असं तोंडी म्हणू नका."

"तपासा की," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता. उलट पोराची कीव आली होती.

कय्युमभाईंकडं बारीक वजनाचा काटा होता. त्यांनी आधी नाणं तसंच तोललं, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबतं ठेवून तोललं, आणि कागदावर भागाकार केला. पाण्यात शुद्ध चांदीचं जेवढं वजन कमी व्हायला हवं तेवढंच झालं होतं. तरी अण्णा नाणं घेऊन चौकातल्या सराफाकडं गेले आणि यंत्रातली चिठ्ठी घेऊन आले. शुद्ध चांदी. शिवराजनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"मग ते वाजत का नाही?" बाईंनी विचारलं.

अण्णा दुकानाच्या फरशीकडं बघत होते. नेहमी सगळ्यात आधी बोलणारा माणूस!

"अहो, मी विचारतेय. चांदी आहे तर वाजत का नाही?"

कय्युमभाईंनी डोळ्याला लावलेलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "बाई, वाजलं ते."

"काय?"

"तीनही वेळा वाजलं. चांगलं लांबपर्यंत. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

बाईंना वाटलं, थट्टा चाललीय. त्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मान हलवली. "व्हय बाई. मला बी आलं ऐकू."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढं काय बोलायचं?" कय्युमभाईंचा आवाज अगदी खाली गेला होता. "आम्हाला वाटलं, आमच्या कानाला कळत नाही असं काहीतरी तुम्हाला कळलं असंल."

बाईंनी नाणं पुन्हा उचललं, या वेळी थेट बोटांनी. वाजवलं. टक्. कानाशी नेऊन वाजवलं. टक्. समोर सगळ्यांच्या चेहऱ्यावर ऐकल्याची खूण उमटली, ती बाईंनी डोळ्यांनी पाहिली. त्या स्टुलावर बसल्या. देवापुढची घंटा ऐकू येत होती, फोन ऐकू येत होता, शेजारणीची कुजबुज ऐकू येत होती. तेवढा एक बारीक नादच गुपचूप निघून गेला होता, आणि कधी गेला त्याचा पत्ता नव्हता.

आणि मग, पाण्याचा पेला तोंडाशी नेताना, त्यांचा हात थांबला.

"कय्युमभाई, रईसाबी!"

कय्युमभाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्याही मनात तेच आलं होतं.

दिवाळीनंतर कय्युमभाईच रईसाला घेऊन आले होते. त्यांचे दोस्त तन्वीर मिस्त्री, सुतारकाम करणारे, दोन वर्षांपूर्वी वारले. रईसा त्यांची बायको. निकाहात नवऱ्यानं बायकोच्या हक्काची मेहर म्हणून दिलेले चारमिनार छापाचे अकरा चांदीचे रुपये तिनं रुमालात बांधून आणले होते. विकायचे नव्हते, नुसतं खरे की खोटे ते जाणून घ्यायचं होतं. बाईंनी एकेक वाजवला होता आणि अकराच्या अकरा मुके ठरवले होते. अकराच्या अकरा! आणि आपलंच काही चुकतंय का, अशी शंका एकदाही मनात आली नव्हती.

"तेव्हाही वाजले होते?"

"वाजले होते, बाई."

बाई उठल्या. चप्पल घालताना अंगठा दोनदा चुकला. "चला," म्हणाल्या.

रईसाचं घर मागच्याच गल्लीत. ती दारात तांदूळ निवडत होती. "या बाई, या कय्युमभाई," म्हणत तिनं खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कान गेलाय माझा. तुमचे रुपये खरे आहेत. मी चुकले.

रईसाचा सुपातला हात सुपातच राहिला. मग आत गेली आणि एक गंजका पत्र्याचा डबा घेऊन आली. मिस्त्रींचा खिळ्यांचा डबा. तिनं तो फरशीवर उपडा केला. खिळे, बारीक चुका, वाकडे स्क्रू, आणि त्यांच्यात काळे पडलेले रुपये.

"खोटे म्हणालात, म्हणून इथं टाकले," ती म्हणाली. "चाळीस साल मी हे रुपये जपले होते."

तिनं एक रुपया उचलला, बोटावर ठेवला, खिळ्यानं वाजवला. बाई तिच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. रईसानं तो कानाशी नेऊन पुन्हा वाजवला.

"तुमच्याकडं आले होते त्या दिवशी पण मला असंच ऐकू आलं होतं. पण तुम्ही शिकलेल्या, मास्तरीण. मला वाटलं, माझाच कान अडाणी."

"रईसाबी, मला..."

"शब-ए-बरातीला सगळ्या घरात हलवा होतो, बाई. गेलेल्यांच्या नावानं फातेहा होतो. औंदा मी त्यांच्या नावाचा केला नाय. पोरीनं विचारलं, अम्मी, अब्बाचा हलवा? मी म्हणाले, ज्या माणसानं मेहरातच दगा दिला, त्याच्यासाठी मी चुलीपुढं उभी राहणार नाय."

कय्युमभाई भिंतीकडं वळले. बाईंच्या तोंडून नुसतं "पांडुरंगा" निघालं. त्या हात जोडायला गेल्या, पण कोणाला जोडायचे ते कळेना. तन्वीर मिस्त्रींना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. आपण न पाहिलेल्या मेलेल्या माणसाला त्याच्याच घरात चोर ठरवलं होतं, तेही एका टिचकीत.

रईसा रुपये एकेक करून ओढणीत गोळा करत होती. अकरा झाल्यावर गाठ मारली. नाकडोळे पुसले. मग बाईंकडं सरळ बघून म्हणाली, "माझं कळलं, बाई. अजून कुणाकुणाला खोटं म्हणालात?"

हा प्रश्न बाईंच्या मनात आलाच नव्हता. दुकानातून इथवर येताना त्यांना एकच नाव दिसत होतं, एकच रुमाल दिसत होता. आता त्यांच्यामागं हात दिसायला लागले. एकामागून एक, ओंजळीत काहीतरी धरून पुढं केलेले. वर्षभरातले? दोन वर्षांतले? नाद कोणत्या दिवशी गेला ते कोण सांगणार!

"मला माहीत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"आठवा," रईसा म्हणाली. आवाजात दया नव्हती, रागही नव्हता. "मी आत रवा भाजते. तुम्ही बसा अन् आठवा. कय्युमभाई, लिहून घ्या. तुम्ही पण तिथंच होता."

ती आत गेली. कढई शेगडीवर बसल्याचा आवाज आला, तो बाईंना स्पष्ट ऐकू आला. कय्युमभाईंनी खिशातून दुकानाची पावती काढून उलटी केली आणि पेनचं टोपण काढलं.

बाई खुर्चीवर बसल्या. "सिल्लोडच्या आशाबाई," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीपूजनाचं नाणं होतं, सासूनं दिलेलं. गेल्या आषाढात." थांबल्या. "नाही. त्याच्या आदल्या आषाढात."