साडेतीनशे वॉट

दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्सच्या वीज-दुरुस्तीत पंचवीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. तक्रारवहीत रकाने दोनच: तक्रार काय, आणि दुरुस्त झालं का. मधलं कुणीच लिहीत नाही. ते माझ्याकडे आणि आमच्या वायरमन सतबीरकडे पडून राहतं. माझी बायको शोभा जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या आजारात तिचा श्वास विजेवर चालायचा, त्यामुळे तिचे किस्सेही यातच मिसळलेत. वेगळे काढता येत नाहीत.

*

आर. के. पुरमच्या एका क्वार्टरमध्ये ऐन थंडीत एमसीबी, म्हणजे लोड वाढला की वीज तोडणारा खटका, दिवसातून चारदा पडायचा. आम्ही गेलो. तिथे राहणाऱ्या सेक्शन ऑफिसरच्या हीटरची कॉइल तुटली होती. अर्धी फेकून उरलेली त्यांनी स्वतःच जोडली होती.

"छोटी हो गई, तो बिजली भी कम खाएगी न?"

मी कागद घेतला. दोनशे तीस व्होल्ट. अख्ख्या कॉइलचा रेझिस्टन्स सव्वीस ओहम. भागाकार केला की करंट नऊ अँपिअर, म्हणजे साधारण दोन हजार वॉट. अर्ध्या कॉइलचे तेरा ओहम. करंट अठरा, आणि वॉट चार हजार!

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पर मेश्रामजी, गरम बढ़िया करता है!"

सतबीर पिशवीत पक्कड टाकत म्हणाला, "साब, चिता भी करती है।"

*

दुसऱ्या एका घरी स्विचबोर्डातला सैल सांधा तापून आग लागली. माणसं वाचली, सामान गेलं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं: सांध्याचा रेझिस्टन्स सुमारे एक ओहम, करंट पंधरा अँपिअर. पंधराचा वर्ग गुणिले एक, सव्वादोनशे वॉट.

घरातल्या आजी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बेटा, ये कितना हुआ?"

मी म्हटलं, "मांजी, पुराने वाले दो बल्ब जितना."

त्या काळ्या झालेल्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बस? दो बल्ब में चालीस साल?"

मी रिपोर्टवर सही केली. दुसरं काय करणार?

*

शोभाची फुप्फुसं आवळत चालली होती. द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक मशीनला, मशीन भिंतीतल्या प्लगला. सतबीर रविवारी मुद्दाम मीटर घेऊन आला. करंट भरला दीड अँपिअर.

"भाभीजी, वोल्ट को अँपिअर से गुणा करो. दो सौ तीस, डेढ़ से. साढ़े तीन सौ वॉट समझो. बस इतना ही खेल है।"

शोभाने माझ्याकडे पाहिलं. "एवढंच? अहो, लग्नापासून तुम्ही मला सांगताय की हे फार टेक्निकल असतं!"

*

त्यानंतर तिला नादच लागला. इस्त्री, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांचे वॉट तिने वहीत लिहून काढले. सोसायटीचा जनरेटर वीज गेली की फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवायचा. मशीनसाठी एक लाइन द्या म्हणून आम्ही अर्ज केला. सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, "बहनजी, जनरेटर पर लोड बहुत है।"

शोभा दम खात म्हणाली, "लिफ्ट कितने वॉट लेती है?"

"वो तो देखना पड़ेगा।"

"हज़ारों में लेती है. मैं साढ़े तीन सौ. और लिफ्ट दो मिनट रुके, तो मरती नहीं।"

सेक्रेटरी "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत उठले. लाइन आली नाही.

*

मग इन्व्हर्टर घेतला. बॅटरी बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तास. गुणाकार अठराशे. त्यातला पाचवा हिस्सा वाया धरला, बाकीला साडेतीनशेनं भागलं. चार तास.

शोभाने विचारलं, "किती चालेल?"

"सहा तास, आरामात."

तिने वही उघडली, पेन माझ्या हातात दिलं. "इथे करून दाखवा."

मी चार लिहिलं.

"आता कसं!" ती म्हणाली.

*

जूनमध्ये एका दुपारी आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज कधी येईल ते कुणी सांगेना. सतबीर फोनवर म्हणाला, "साब, आप वहीं रहो, ऑक्सिजन का सिलेंडर मैं लाता हूँ।" आणि स्कूटर काढून गुरुग्रामकडे गेला. मी इन्व्हर्टरवरचं बाकी सगळं बंद केलं, पंखेसुद्धा. चालू एकटं मशीन. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. शोभा आतल्या खोलीत पडून होती. आदल्या दोन रात्री तिच्याजवळ बसून काढल्या होत्या. बाहेर फरशीवर जरा टेकलो आणि डोळा लागला.

जाग आली ती गार वाऱ्याने. डोक्यावर पंखा फिरत होता. वाटलं, वीज आली! फ्रिजकडे पाहिलं. बंद. इन्व्हर्टरवर बॅटरीचाच दिवा लागलेला.

आतल्या खोलीच्या दाराशी शोभा उभी होती. नळी ताणून जेमतेम बटणापर्यंत पोचलेली, एक हात चौकटीवर. तिच्या खोलीतला पंखा बंदच होता.

मी धडपडत उठलो. "अगं, हा का लावलास?"

"सत्तर वॉट," ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "मी केला हिशोब. पाऊण तास कमी होतो."

"मग?"

"मग काही नाही. झोपा."