साडूभाऊ आणि जांभळं पाणी

आमच्या साडूभाऊंसमोर या जगातली एकही रंगीत वस्तू सुरक्षित नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि अमरावतीला, राजापेठेतल्या घराच्या गच्चीवर, शेतातल्या टाकाऊ मालानं पाण्यातला रंग काढायच्या नादी लागले. शेतावर गेलेला पाहुणा हुरडा मागतो. हे कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, मागतात. पातूरला माझ्या मामेभावाकडच्या लग्नातून निघताना त्यानं हौसेनं विचारलं, "काय बांधून देऊ?" तर म्हणाले, "तुरीचा भुसा द्या. आन् संत्र्याची सालं फेकली असतीन तर तेही." मामेभाऊ अजून मला बाजूला घेऊन विचारतो, "भाऊ, त्यायचं घरी बरं हाये ना?" त्याच लग्नात गुलाबी सरबत आलं. यांनी खिशातून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, कोळशाची पुडी काढली, पेल्यात रिकामी केली, सगळं रुमालातून गाळलं आणि ते पांढरं फटक सरबत थेट वरमाईपुढे धरलं. "पाहा, गेला रंग!" वरमाई मटकन खाली बसल्या.

पण खरा धक्का राजापेठेतच बसायचा होता. साडूभाऊंच्या घरामागे एक ताई घरच्या भट्टीवर ओढण्या रंगवून देतात. त्यांचं घर त्यावरच चालतं. त्यांच्या मोरीचं पाणी नालीतून ट्युशन क्लासच्या दारापुढून वाहायचं, आज हिरवं, उद्या जांभळं. शेवटी गल्लीनं बजावलं, रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर भट्टी बंद. साडूभाऊ मध्ये पडले. "रविवारी या सगळे. पानी साफ करून दाखवतो."

रविवारी गल्ली लोटली. एका ड्रममध्ये भुसा आणि सालं ठासली होती. ताईंनी जांभळी बादली ओतली. खालच्या तोटीला धार लागली आणि माझे डोळेच पांढरे झाले. जांभळं गेलं होतं, पण आला होता चक्क चहा!

"सर, आता दूध-साखर टाका!" क्लासवाले ओरडले. ताईंनी पदरात तोंड लपवलं.

साडूभाऊंनी कपाळावर हात मारला. "अरे, भुसा धुवाचाच राहिला! हा त्याचाच रंग हाये. माह्या वर्गात कोनी असं केलं असतं तर मी त्याले बाहेर उभा केला असता." आणि कडक इस्त्रीच्या सदऱ्यासकट ते मोरीवर फतकल मारून भुसा चोळू लागले. हसणारे हसायचं विसरले. बऱ्याच वेळानं पुन्हा बादली ओतली गेली. या वेळी धार निवळशंख!

"मंग पिऊन दाखवा," क्लासवाले म्हणाले.

"बिलकुल नाही! रंग गेला म्हन्जे जहर गेलं असं नाही. नालीत जाऊ द्या, पोटात कायले?"

एवढ्या खरेपणाची गल्लीला सवय नव्हती. भट्टी वाचली. आता दर रविवारी साडूभाऊ तो भुसा बदलतात. वापरलेल्या जांभळ्या भुशाचं काय करायचं, ते अजून त्यांनाही सुचलेलं नाही. पोती गच्चीवर पडून आहेत.

ताईंनी त्यांना एक दुपट्टा रंगवून दिला, जांभळाच. परवा गेलो तेव्हा तो गळ्यात होता, मळून काळपट झालेला. मेहुणी चिडून म्हणाली, "कितीदा सांगू, धुवाले टाका न तो!"

साडूभाऊंनी दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं. "राहू दे वं," ते हळूच म्हणाले, "रंग जाईन."