रत्नाबाईंच्या बोटातली ठिणगी

रत्नाबाई कोणाला भीत नाहीत, हे मूर्तिजापुरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एकदा भर बाजारात सुटलेला सांड त्यांच्या टोपलीत तोंड घालायला आला, तर बाईंनी त्याच्या नाकाडावर अशी चापट दिली की गडी शेपूट खाली घालून बाजूला झाला. त्यांचे यजमान रामभाऊ शाळामास्तर. छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आले, देव्हारा रिकामा केला आणि बायकोला म्हणाले, "रत्ना, देवांबरोबर भुतंही गेली. आता नजर नाही, करणी नाही. घाबरायचंच असेल तर साप-विंचवाला घाबर." रामभाऊ गेले, पण बाईंनी त्यांचा शब्द पाळला. गल्लीत कुणी लेकराची दृष्ट काढताना दिसलं, की भर चौकात झापायच्या.

अशी ही बाई पंच्याऐंशी साली अमेरिकेत गेली आणि आपल्याच बोटाला घाबरली. कशी, ते ऐका.

मुलगा देवानंद बॉइझीला इंजिनियर. समुद्रापासून पार आत वसलेलं गाव, भोवती उघडेबोडके डोंगर. नातू झाला, नंदू, म्हणून त्यानं आईला बोलावून घेतलं. बाई पोचल्या ऐन उन्हाळ्यात, आणि हवेवर बेहद्द खूश झाल्या. ऊन अकोल्याचं, पण घाम नाही! सकाळी घातलेले उडदाचे पापड दुपारी खडखडीत. "अशी हवा नशिबानं भेटते, पोरी," असं सुनेला, संघमित्राला म्हणत. पुढं झाडं लालपिवळी होऊन गळायला लागली, तेव्हा म्हणाल्या, "इकडची झाडं मरतानाही नटून मरतात." प्रत्येक ऋतूवर बाईंचं मत तयार.

हिवाळ्यानं मात्र त्यांचं तोंड बंद केलं.

बर्फ पडला, खिडक्या बंद झाल्या, जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा फुंकायला लागली. ओठ फुटले, टाचा तडकल्या. एका सकाळी बाई गालिच्यावरून पाय ओढत नंदूच्या पाळण्याशी आल्या. अंगात नायलॉनचं पातळ, वर लोकरीचा स्वेटर. नातवाचा गाल कुरवाळायला बोट नेलं, तर चट्! निळी ठिणगी. पोरानं टाहो फोडला, बाईंचं बोट कोपरापर्यंत झिणझिणलं.

दुसऱ्या दिवशी नंदूच्या उशीवर रक्त होतं. नाकातून आलेलं.

बाईंनी मनात हिशेब मांडला. काल आपण हात लावला, आज रक्त. कपड्यांच्या अंधाऱ्या खोलीत शिरून स्वेटर काढला, तर अंगभर तडतड तडतड ठिणग्या! बाईंनी स्वेटर लांब भिरकावला.

सांगणार कुणाला? जन्मभर लोकांना झापलं, आता आपणच म्हणायचं का, माझ्या अंगात काहीतरी शिरलंय? भूत तर नसतंच. मग उरली वीज. आणि वीज काय करते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गावचा मोहन वायरमन खांबाला चिकटला, तेव्हा त्याला सोडवायला गेलेलाही फेकला गेला होता. आपण आता तो खांब झालो. आपल्याला शिवेल तो मेला.

झालं, बाईंनी नातवाला घेणं सोडलं. तो हात पसरायचा, या दाराआड व्हायच्या.

"आई, माझं काही चुकलं का?" संघमित्रानं विचारलं.

"नाही वं."

"मग बाळाला घेत का नाही? मी पुढच्या महिन्यात जॉबवर जाणार, तुमच्या भरवशावर."

"कंबर धरते माझी." आणि संध्याकाळी देवानंदला म्हणाल्या, "मला तिकीट काढून दे. मी आपली घरी जाते."

देवानंदनं बायकोकडे पाहिलं, तिनं भिंतीकडे. घरात कुणी धड जेवलं नाही.

दोन दिवसांनी संघमित्रा अंगणातला बर्फ ओढायला बाहेर गेली आणि इकडे नंदू ठसक्यानं उठला. खोकून खोकून लालबुंद. बाई दारात थिजल्या. हाक मारली, खिडक्या बंद, कोण ऐकणार? तेव्हा त्यांना आठवलं, वायरमनला शेवटी कसा सोडवला ते. कोरड्या फळीवर उभं राहून, रबरी हातमोजे घालून! पायांत रबरी चपला होत्याच. पोळपाट आणून पाळण्याजवळ टाकला, त्यावर उभ्या राहिल्या, हातांत ओव्हनमधली भांडी काढायचे ते जाडजूड हातमोजे चढवले, आणि विस्तवातला निखारा उचलावा तसा नातू उचलला.

संघमित्रा आत आली ती दारातच थबकली. "आई! हे काय?"

"जवळ येऊ नको, पोरी! माझ्यात करंट आहे. याचं रक्त माझ्यामुळं आलं."

आणि मग सगळं सांगून टाकलं. संघमित्रा हसली नाही. नुसत्या मोज्यांनी गालिच्यावर चार फेऱ्या मारल्या आणि नळाला बोट लावलं. चट्! "हा माझा करंट. गाडीचं दार उघडताना तर रोज बसतो."

"अन् रक्त?"

सुनेनं कोटाच्या खिशातला रुमाल काढला. त्यावरही लाल डाग. "माझंही येतं, यांचंही. हवा इतकी ड्राय आहे, नाक आतून तडकतं. बाळाच्या खोलीत हवा ओली ठेवा, असं डॉक्टरनी सांगितलं होतं. आम्हीच उद्या-उद्या करत राहिलो."

"म्हणजे माझ्यामुळं नाही?"

"नाही, आई."

"नक्की नाही?"

"नक्की."

बाईंचा आवाज परत आला. "मग बोलली काहून नाही? आपल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या भिजवतात, तेवढंही सुचलं नाही तुम्हा शिकलेल्यांना?"

"आणि तुम्ही काहून नाही बोललात?"

दोघी कामाला लागल्या. नायलॉन ट्रंकेत गेलं. दोन सुती लुगडी चिंब भिजवून गरम हवेच्या जाळीसमोर टांगली. दुपारपर्यंत काचांवर वाफ धरली. तरी हातमोजा काढायला बाईंना धीर होईना. शेवटी एक काढला, आधी नळाला हात लावला, मग डोळे गच्च मिटून नंदूच्या तळपायाला.

काही नाही.

नंदूनं ते बोट पकडून सरळ तोंडात घातलं. बाईंना डोळे उघडायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी देवानंद तोंड पाडून आला. "आई, तिकिटाची चौकशी केली."

"कोणाच्या?" बाई म्हणाल्या. नातू मांडीवर झोपला होता. "हळू बोल. अन् ते लुगडं सुकलं असेल बघ, पुन्हा भिजव. इथली हवा पापडाला झकास आहे, माणूस मात्र भिजवून ठेवावा लागतो."