हवालदाराचं वय

उशा शिवणाऱ्या काकूंचा बोका साऱ्या गल्लीला हवालदार म्हणून ठाऊक होता. मिशा तशाच, पोट तसंच आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरण्याची सवयही तशीच. काकूंच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापसाचे ढीग, खोळींच्या थप्प्या. मागच्या दाराला एक पायरी आणि पायरीपलीकडे बंदराच्या भिंतीपर्यंत लव्हाळ्याची दलदल.

त्या लव्हाळ्यात टुकी राहायची. मुठीएवढा तपकिरी पक्षी, पंख नावापुरते. उडता येत नाही आणि कुणाला पाहून पळायचं असतं हेही कळत नाही. हे बेट सोडून ती जगात कुठेच नव्हती. पण पिकतं तिथे विकत नाही. अर्धी दलदल बुजवून गोदामं झाली, गोदामांत उंदीर झाले, उंदरांसाठी बोटीतून मांजरं आली. उंदीर चपळ, टुकी आयती. मांजरांनी काय करायचं ते केलं.

हवालदार रोज सकाळी एक टुकी पायरीवर आणून टाकायचा आणि हप्ता पोचवल्यासारखा मिशा पुसत बसायचा. काकूंच्या घरात काही वाया जात नसे. त्या पिसं काढायच्या, उन्हात वाळवायच्या आणि स्वतःच्या उशीत भरायच्या. शेजारची धाकटी जाऊ नाक मुरडायची. काकू म्हणायच्या, मांजर रोज आणतंय म्हणजे तिथे ढिगाने असणार की!

पुढे टुकी एक दिवसाआड आली, मग कधीमधी, मग पायरीवर नुसत्या पाली आणि नाकतोडे. काकूंनी निदान केलं की हवालदार म्हातारा झाला. त्याच्यासाठी वेगळी गादी शिवली, दूध कोमट करून दिलं, आणि जो भेटेल त्याला सांगितलं की गुडघे गेले हो बिचाऱ्याचे.

मग पक्ष्यांच्या खात्यातला साहेब आला. लांब मानेचा, प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा" ने सुरू करून "असं आहे ते" वर टेकवणारा. तो गेल्यावर काकूंनी मान पुढे काढून त्याची अशी नक्कल केली की जावेला ठसका लागला. "म्हणजे बघा, लव्हाळ्यात टुकी उरलीय का ते शोधायचंय. म्हणजे बघा, एक जरी सापडली तरी गल्लीतली सगळी मांजरं बोटीत घालून..." इथे काकूंचा आवाज पुन्हा काकूंचाच झाला.

हवालदार कापसाच्या खोलीत बंद झाला. साहेबाने लव्हाळ्यात वाळूचे ट्रे मांडले, पाऊल उमटावं म्हणून. सकाळ-संध्याकाळ तो यंत्रावर टुकीचा जुना आवाज वाजवायचा आणि उत्तराची वाट पाहायचा. काकूही मागच्या दारात कान देऊन उभ्या राहत. उत्तर येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

उत्तर आलं नाही. वाळूत उंदरांचीच पावलं होती.

जायच्या दिवशी साहेब पायरीवर येऊन बसला. "मांजर ठेवा, काकू," तो म्हणाला. "आता काय बिघडणार आहे?" पुढे "म्हणजे बघा" नाही, मागे "असं आहे ते" नाही, नुसतं एवढंच.

काकूंच्या जिवात जीव आला. त्यांनी लगबगीने कापसाच्या खोलीचं दार उघडलं. हवालदार अंगाला कापूस लावून बाहेर आला, क्षणभर थबकला, आणि एका झेपेत पुरुषभर उंच भिंतीवर चढून उंदीर तोंडात धरून खालीही उतरला.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "तुम्ही तर म्हणत होता, म्हातारा झालाय."

काकूंनी बोक्याकडे पाहिलं, मग लव्हाळ्याकडे. त्या आत गेल्या, आपली उशी घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच कात्रीने तिची शिवण उसवली.

"इथे आहेत सगळ्या," त्या म्हणाल्या.

साहेबाने उशी मांडीवर घेतली. तिला वजन असं नव्हतंच.