डोळे मिटून मारलेला टाका

जो उजेड डोळ्याला दुखवत नाही तो डोळ्याचं काही बिघडवत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मला कोणीच शिकवलं नव्हतं. मी ते धरूनच चालले होते आणि त्यात माझ्या भावाचा डोळा गेला.

दादा मुर्री गावाच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं. जोड पक्का करण्याआधी जागोजागी छोटे टाके मारतात. एका हातात वेल्डिंगच्या कांडीचा होल्डर, दुसऱ्या हातात जोडायची लोखंडी पट्टी. तोंडापुढे काळ्या काचेची स्क्रीन धरायला तिसरा हात नाही. म्हणून टाका मारताना डोळे मिटायचे, अशी तिथली रीत. न बघता ज्याचा टाका नेमका बसतो तो उस्ताद. दादा उस्ताद होता आणि त्याला त्याचा माज होता.

पापणी ठिणगीच्या मागेच राहते, ती मिटेपर्यंत उजेड आत शिरलेला असतो. संध्याकाळी त्याचे डोळे लाल व्हायचे, वाळू भरल्यासारखे खुपायचे. माय बटाट्याच्या चकत्या ठेवायची. एकदोन दिवसांत उतार पडायचा आणि आम्ही सगळे विसरून जायचो.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा मोर्च्यांतून आणायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. कामगारांच्या मागण्या मला तोंडपाठ होत्या. आणि एवढं वाचून मी केलं काय, तर बाजारातून दादाला एक काळा चष्मा आणून दिला. चकाकी कमी झाली. आता तो टाकाही उघड्या डोळ्यांनी मारू लागला, जोडही तोच चष्मा लावून. मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

काही महिन्यांनी तो जेवता जेवता म्हणाला, "उजव्या डोळ्यानं पाहलं तर तुहं तोंडच नाही दिसून राहिलं. कान दिसतेत फक्त."

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि समजावून सांगितलं. वेल्डिंगच्या उजेडात न दिसणारे अतिनील किरण असतात, ते डोळ्याचा वरचा थर भाजतात. तो ठणकतो, पण भरून येतो. उष्णतेचे अवरक्त किरणही दिसत नाहीत, ते वर्षानुवर्षं आतलं भिंग गढूळ करत नेतात. आणि दिसणारा निळा झगझगाट थेट मागच्या पडद्यावर एकवटतो. तो पडदा जळला तरी दुखत नाही, आणि जळालेला भाग पुन्हा येत नाही. बाजारू काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, पापणी गाफील राहते आणि माणूस जास्त वेळ बघत बसतो. चष्मा कोणी आणला, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, मीच.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडे गेले. त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं वेल्डिंगची स्क्रीन टांगलेली होती. विश्वकर्मा पूजेचं हळदकुंकू तिच्या काचेवर तसंच वाळलेलं, खाली सुकलेला हार.

"स्क्रीन तो टंगी है, बहनजी. कोई पकड़ता नहीं तो मैं क्या करूँ?"

मी म्हटलं, हातात धरावा लागत नाही असा डोक्यावर बसणारा मुखवटा मिळतो, तो प्रत्येकाला द्या. तो हसला. तेव्हा मी पत्रक लिहिलं, गल्लीभर वाटलं. तीन दिवसांनी मुखवटे आले. मला वाटलं, आपण जिंकलो.

दादानंच मला खाली आणलं. "मुखवटा हाये, पण गिऱ्हाईक डोक्यावर उभं राह्यते. हात चालव म्हन्ते. दर टाक्याले खाली-वर करत बसलो तं ते दुसऱ्याकडे जाते. तू मालकालेच काऊन शिव्या देऊन राहिली?"

मालकाला मी अजूनही माफ केलेलं नाही. पण दादाचं म्हणणं खोडून काढता येत नाही. त्याचा डावा डोळा शाबूत आहे, आणि तो वाचणं आता तुमच्या घाईवर अवलंबून आहे. हो, तुमच्याच.

म्हणून पुढच्या वेळी फाटक, जाळी, काहीही जोडायला नेलंत तर वेल्डरला घाई करू नका. त्याला सांगा, आधी मुखवटा खाली घे, एका टाक्यासाठीसुद्धा. मुखवटा नसेल तर मालकाला तोंडावर विचारा, आणि मुखवटा येईपर्यंत तिथं काम देऊ नका.