‘जुनी बेकरी’ थांब्याची शोकवार्ता

सात नंबरच्या ट्रॉलीबसमध्ये हल्ली एक बाई बोलते. ती दिसत नाही, छतातून बोलते. आवाज असा, की नाकात कापूस आणि तोंडात साखर. ‘पुढचा थांबा, लिंडन चौक. कृपया आपले सामान विसरू नये.’ वेनेता कालूदोवाला ही बाई पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती, आणि ती डोळ्यांसमोर नव्हतीच, हा आणखी वेगळा राग.

एकोणतीस वर्षं याच सात नंबरवर वेनेता कंडक्टर होती. थांबे तीच ओरडायची, आणि नुसतं नाव ओरडून गप्प बसणारी ती नव्हे. जुनी बेकरी आली की गिना, ऊठ, घोरतेस काय. अहो टोपीवाले काका, तुमच्या पिशवीतून मिरच्या चालल्यात. आणि त्या पोराला खाली उतरव, खिडकी चाटायची नसते, असं सगळं एका दमात. मग चार वर्षांपूर्वी दारादारात तिकिटाची यंत्रं बसली, छतात बाई बसली आणि वेनेताला कार्नेशनचा गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी बसवलं. घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं. वाहतूक कार्यालयाचं घड्याळ, ते आणखी काय करणार.

एप्रिलच्या एका सोमवारी ती नवऱ्याला घेऊन पॉलिक्लिनिकमधून परत येत होती. तिचा नवरा मिन्को हा सात नंबरचाच जुना ड्रायव्हर, तेहेतीस वर्षं चाकावर. वरच्या विजेच्या तारांवरून ट्रॉलीचे दांडे निसटले की ऐन बर्फात खाली उतरून, दोरी ओढून, दोन झटक्यांत दोन्ही दांडे जागेवर बसवणारा. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय उसना आणल्यासारखा झाला. आठवड्यातून तीनदा व्यायाम केला तर पाय परत येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नाही केला, तर जेवढा आहे तेवढाही जाईल, हे त्यांनी वेनेताला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं.

तर त्या सोमवारी छतातली बाई म्हणाली, ‘पुढचा थांबा, तिसरी शाळा.’

वेनेताने मान वर केली. लिंडन चौकानंतर जुनी बेकरी. सेहेचाळीस वर्षं लिंडन चौकानंतर जुनी बेकरीच. ती बेकरी कधीच बंद पडली, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात, पण थांब्याचं नाव तेच, आणि थांबा बरोबर त्यांच्या इमारतीच्या दारासमोर. ट्रॉली दारासमोरून तशीच पुढे गेली. वेनेताने खिडकीतून पाहिलं, तर खांब नव्हता. घोट्याएवढा लोखंडी बुंधा उरला होता, करवतीने कापलेला, वर चकचकीत.

तिसरी शाळा म्हणजे चढावर सहाशे पावलं, शिवाय मधल्या भुयारी रस्त्याच्या अठ्ठावीस पायऱ्या. त्या दिवशी उतार होता, म्हणून ते कसेबसे घरी आले. बुधवारी जायचं म्हणजे चढ. मिन्कोने बारा पायऱ्या केल्या आणि तेराव्या पायरीवर बसला. शाळेची पोरं त्याला वळसा घालून गेली. एकीने त्याच्या शेजारी एक नाणं ठेवलं. मिन्कोने ते नाणं उचललं, नीट पाहिलं, खिशात टाकलं आणि म्हणाला, “चल घरी, वेना. मी आता कुठेही जायचा नाही.”

आणि खरंच गेला नाही. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायला लागला. खालून सात नंबर गेला की घड्याळाकडे बघायचा आणि लवकर आला म्हणायचा. लवकर नसायचा, घड्याळ मागे असायचं. तीन आठवड्यांत दाढी करणंही सोडलं त्याने.

वेनेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे. ती आधी कामेनकडे गेली. कामेन हा सात नंबरचा आताचा ड्रायव्हर. दांडे तारांवर कसे बसवायचे हे त्याला मिन्कोनेच शिकवलेलं. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला की मावशी, तुमच्यासाठी मी दार उघडलं असतं, पण वरून उपग्रहातून बघतात, नेमून दिलेल्या जागेशिवाय चाक थांबलं की पगाराला कात्री. वेनेता म्हणाली, उपग्रहाला आमचा मिन्को तेवढा दिसत नाही का रे?

मग ती वाहतूक कार्यालयात गेली. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने अर्ज लिहायला सांगितला, तिसरीवर ‘पाच मिनिटांत परत येते’ असा कागद होता, तो उन्हाने पिवळा पडलेला. शेवटी ती सरळ वर चढून इंजिनिअर झेल्याझ्कोव यांच्या खोलीत शिरली. हे तरुण गृहस्थ. बोलताना प्रत्येक वाक्याआधी दोन बोटं टेबलावर अशी ठेवायचे, जणू वाक्य उडून जाईल. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. त्यांनी बाईंचं दुःख समजून घेतलं. हे मार्गांचं सुसूत्रीकरण आहे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. जुनी बेकरी येथे दिवसाला सरासरी अडीच प्रवासी चढतात, असं यंत्राने मोजलेलं आहे, आणि यंत्र, बाई, भावनेत वाहून जात नाही.

“अडीच,” वेनेता म्हणाली. “त्यातला अर्धा कोण? आमचा मिन्को का?”

झेल्याझ्कोवनी दोन बोटं उचलून परत ठेवली.

वेनेताने विचारलं, हे यंत्र आहे कुठे? मधल्या आणि मागच्या दारावर, ते म्हणाले. पुढच्या दारावर का नाही? कारण नियमाप्रमाणे प्रवाशांनी मागून चढायचं असतं आणि पुढून उतरायचं असतं, त्यामुळे पुढे मोजण्यासारखं काही नसतं.

एकोणतीस वर्षं तिने ते दार पाहिलं होतं. या शहरात पन्नाशीच्या वरचं एकही माणूस कधी मागून चढलेलं नाही. म्हातारी माणसं पुढून चढतात, ड्रायव्हरला काय रे कसा आहेस म्हणतात, त्याच्या काचेपाशी टोमॅटोची पिशवी ठेवतात आणि त्याच्या मागच्या सीटवर बसून हवेबद्दल तक्रार करतात. मागून चढतात ती फुकटी पोरं. जुन्या बेकरीला तर पोरं राहतच नाहीत. तिथे सगळे पेन्शनवाले.

तिने हे सगळं सांगितलं. झेल्याझ्कोवनी ऐकून घेतलं.

“म्हणजे बाई, हे सर्व प्रवासी नियम मोडत होते,” ते म्हणाले. “नियम मोडणाऱ्यांची नोंद आम्ही कशी घेणार?”

घरी येताना वेनेता सहाशे पावलं मोठ्याने बोलत आली. थांबा मेला नाही, त्याला मारलं. आणि मारून वर कुणाला सांगितलंही नाही. कुत्रं मेलं तरी माणूस शेजाऱ्याला सांगतो. हे वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि ती भुयारी रस्त्यात मध्येच उभी राहिली. खरंच की. सांगायला नको?

आमच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद निघतो. वर शोकवार्ता, मध्ये फोटो, खाली शोकाकुल कोण कोण. घराच्या दारावर, विजेच्या खांबावर, झाडावर आणि थांब्यावर तो चिकटवायचा. जाता-येता लोक बघतात, चक्चक् करतात आणि पुढे जातात. कागद हाताने कुणी काढत नाही, ऊन-पाऊस काढेल तेव्हा निघेल. वेनेता त्याच पावली तोन्चोच्या छापखान्यात गेली. तोन्चो वीस वर्षं हेच कागद छापतो; त्याच्याकडे लग्नपत्रिका दिली तरी काळ्या चौकटीत येईल अशी भीती. तिने मजकूर सांगितला, त्याने भुवईही न हलवता लिहून घेतला:

‘अत्यंत दुःखाने कळवतो की सेहेचाळीस वर्षं उन्हात-बर्फात एका पायावर उभा राहून सर्वांची सेवा केलेला आमचा थांबा जुनी बेकरी याला कार्यालयाने रात्रीतून कापून नेले. निरोप शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, त्याच जागी. शोकाकुल: वेनेता कालूदोवा, मिन्को व सर्व प्रवासी.’

फोटो तिने अल्बममधून आणून दिला. त्या खांबाचा तेवढा एकच फोटो घरात होता: खांब मध्ये, बाजूला गणवेशातला चाळिशीचा मिन्को, एक हात खांबावर. तोन्चोने फोटो ठेवून घेतला आणि संध्याकाळी तीस कागदांची गुंडाळी हातात दिली. चष्मा घरी राहिला होता. तिला काळी चौकट दिसली, तेवढं पुरलं. डिंकाचा डबा घेऊन तिने बुंध्यामागच्या भिंतीपासून लिंडन चौकापर्यंत सगळी झाडं सजवली आणि एक कागद रिवाजाप्रमाणे स्वतःच्या इमारतीच्या दारावरही लावला.

आता तोन्चोने काय करावं? वीस वर्षं फोटोतून चेहरा शोधून मोठा करायची सवय. त्याने खांब कापला आणि मिन्को ठेवला. खांब दुसऱ्यांदा कापला गेला.

शुक्रवारी साडेआठपासून लोक यायला लागले. मजकूर कुणी वाचला नव्हता. शोकवार्ता कोण वाचतं, फोटो आणि निरोपाची वेळ तेवढी बघतात. पहिल्या मजल्यावरची गिना मयताला वाटायचे असतात ते साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन आली. डेपोतले जुने ड्रायव्हर आले, काळ्या कोटात, प्रत्येकाच्या हातात मोजून दोन, चार, सहा फुलं, कारण मेलेल्याला जोडीने द्यायची असतात. तिकीट तपासनीस आले, ज्यांना मिन्को जिवंतपणी आत येऊ द्यायचा नाही. वेनेता बुंध्यापाशी उभी होती. लोक एकेक करून येऊन तिला मिठी मारायला लागले तेव्हा तिला वाटलं, काय हे प्रेम एका थांब्यावर. मग गिना तिच्या कानाशी रडत म्हणाली की देव त्याला क्षमा करो, माणूस चांगला होता, जरा तापट होता एवढंच.

“कोण तापट होता?” वेनेताने विचारलं.

गिनाने कागदाकडे बोट दाखवलं. वेनेताने तिचाच चष्मा ओढून घेतला आणि पाहिलं. भिंतीवरून मिन्को तिच्याकडे बघत होता.

आणि बाल्कनीतूनही. तो कठड्याला धरून उभा होता, पांढऱ्या दाढीत, पायजम्यात. खाली चाळीसेक माणसं, सगळी ओळखीची, सगळ्यांच्या हातात जोडीची फुलं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने वर पाहिलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. मिन्को आत गेला. घरात एकटा, एक पाय धड नाही, हे बघून त्याला दुसरा झटका आला तर थांब्याच्या नादात तीच त्याला मारणार होती. ती जिन्याकडे धावली, पण दारातच थबकली, कारण वरून आवाज येत होता. ठक, आणि घासत. ठक, आणि घासत. दोन मजले.

मिन्को दारात आला. पायजम्यावर गणवेशाचा कोट चढवलेला. त्याने दारावरचा कागद वाचला, वरपासून खालपर्यंत, त्या सगळ्या गर्दीत नीट वाचणारा तो पहिलाच.

“सेहेचाळीस?” तो म्हणाला. “मला अडुसष्ट झालीत.”

कुणीतरी हसलं, मग सगळेच. गिना हसता हसता रडत गहू वाटत सुटली. केले आहेत तर खाऊन टाका, म्हणाली. आणि तेवढ्यात सात नंबर आला. आमच्याकडे प्रेतयात्रा दिसली की चाक थांबतं, त्याला उपग्रहही काही करू शकत नाही. कामेनने ब्रेक मारला, टोपी काढली, मग मिन्कोला पाहिलं आणि टोपी परत घातली. पुढचं दार उघडलं. चाळीस माणसं सवयीने पुढच्या दाराकडे वळली.

तेव्हा वेनेता ओरडली. चार वर्षं कोंडून ठेवलेला आवाज होता तो, लिंडन चौकापर्यंत गेला असणार. पुढून एकानेही चढायचं नाही, मागे चला, मागच्या दाराने, एकेक, गिना, तू बुटकी आहेस, हात वर कर म्हणजे यंत्राला दिसशील. फुलांसकट, गव्हांसकट सगळे मागून चढले. दारावरचा लाल दिवा प्रत्येक माणसाला लुकलुकत होता. फक्त मिन्को अडून बसला होता. तेहेतीस वर्षं मी पुढून चढलोय, म्हणाला.

“आज मोजून घे,” वेनेता म्हणाली. “मग हवं तिथून चढ.”

तो चढला. तिने हात दिला, तो त्याने घेतला नाही. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याला पायजम्यातच व्यायाम करायला लावला.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं, झेल्याझ्कोव यांच्या सहीचं. वेनेता ते आजही त्यांच्याच आवाजात वाचून दाखवते, दोन बोटं टेबलावर ठेवून. शुक्रवारी, अस्तित्वात नसलेल्या थांब्यावर त्रेचाळीस प्रवासी चढल्याची नोंद झाली असून, हा यंत्राचा बिघाड आहे व त्याची दुरुस्ती करण्यात येत आहे. तसेच सार्वजनिक भिंतीवरील कागद तीन दिवसांत काढावेत.

खांब अजून आलेला नाही. कागदही कुणी काढलेले नाहीत. कार्यालयाचा माणूस खरवडणी घेऊन आला होता, पण शोकवार्तेला हात लावायचं म्हटल्यावर तो इकडेतिकडे बघत सिगारेट पिऊन परत गेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार नऊ दहाला दहा-बारा पेन्शनवाले बुंध्याभोवती टोप्या काढून उभे राहतात, कामेन थांबतो, आणि सगळे मागच्या दाराने चढतात. मिन्को पुढून.

जूनच्या पावसाने पहिले कागद गेले. चाळिसाव्या दिवसाचा नवा कागद काढायचा असतोच, म्हणून वेनेता चष्मा लावून तोन्चोकडे निघाली. या वेळी त्याला सांगते, ती म्हणाली, की माणूस काप आणि खांब ठेव.

मिन्को आरशासमोर दाढी करत होता.

“माझाच राहू दे,” तो म्हणाला. “खांब बघून कोण थांबतं?”