महाड ते पोलादपूर, मागे रिक्षा

रविवारी महाडहून पोलादपूरला माहेरी गेले... धावत. हौस म्हणून नाही, बाबांनी पैज लावली म्हणून.

पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता पायात ताकद आलीय, डॉक्टर रोज चाला म्हणतात, पण पडण्याची धास्ती एवढी की ते पलंग सोडत नाहीत. मी फारच मागे लागले तेव्हा चिडून म्हणाले, "तू महाडहून इथपर्यंत धावत ये, मग मी फाटकापर्यंत चालतो." मी रोज सकाळी थोडंफार धावते, पण एवढं लांब कधीच नाही... हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाबा एसटीत तिकीट तपासनीस होते. समोरचा खोटंच बोलतोय हे धरून चालायचे. तो स्वभाव माझ्यात उतरला आणि मी वकील झाले.

पहाटे निघाले तेव्हा सावित्री नदीवर धुकं होतं. कोकणात कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत एकदा पहाटे आमच्या हायवेवर यावं. बोटं बधिर, नाक गळतंय, कान दुखतायत. वरंधचा फाटा मागे पडेपर्यंत ठीक होतं, पुढे गुडघा बोलायला लागला. मला गुडघ्याचाच संशय आला... खरंच दुखतोय, की परत फिरायला निमित्त शोधतोय?

अर्ध्याहून जास्त रस्ता झाला आणि शेवटी थांबलेच. नवऱ्याला गाडी घेऊन बोलवावं म्हणून फोन काढला, तर मागे एक रिकामी सहा सीटर रिक्षा थांबली. बराच वेळ ती माझ्या मागून हळूहळू येत होती, पुढे काही जात नव्हती.

ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. कुठे निघालात म्हणून विचारलं. मी तुटकपणे सांगितलं, माहेरी.

त्याचा चेहराच बदलला. "ताई, भांडणं कुनाच्या घरात नाय होत? बसा, सोडतो. पैशे नकोत."

भांडणाचं काही माझ्या डोक्यात शिरलंच नाही. पैसे नकोत एवढंच ऐकलं आणि खात्री पटली, हा माणूस धड नाही. गुडघा विसरून जी सुटले... यालाच इच्छाशक्ती म्हणत असतील तर म्हणोत बापडे. मागून रिक्षाचा आवाज येतच होता. मी फोन कानाला लावून, नसलेल्या पोलीस भावाशी मोठमोठ्याने बोलल्याचं नाटकसुद्धा केलं.

पोलादपूर आलं, आमची गल्ली आली, आणि रिक्षा थेट फाटकापर्यंत. मी धापा टाकत फाटकाच्या पायरीवर बसकण मारली. आवाज ऐकून आई बाहेर आली, तर तो उतरून तिचीच समजूत घालायला लागला... ताई घर सोडून आल्यात, दमल्यात, आता कुणी त्यांना काही बोलू नका.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थंडीत स्वेटरशिवाय पळणारी बाई बघून हा बिचारा मला माहेरी सुखरूप पोचवायला मागे आला होता. मला स्वतःची लाज वाटली.

एवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "रिक्षातून आली ना?"

आणि आवाजापाठोपाठ बाबाच आले. भिंतीला धरत, पाय ओढत, अंगण ओलांडून फाटकापर्यंत. फाटकाला घट्ट धरून त्यांनी ड्रायव्हरची उलटतपासणी सुरू केली. कुठे बसली, किती घेतले, रिक्षात आणखी कोण होतं. आई धावत आतून त्यांची काठी घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"बसल्याच नाय हो काका," तो काकुळतीला आला होता.

बाबांना पटेना. मला रडू फुटलं... ड्रायव्हरला वाटलं, भांडणाचंच.

आई खरं काय ते सांगायला पुढे झाली. मी तिचा हात दाबला. त्या भल्या माणसाची माफी मागायची होती, आभार मानायचे होते, चहा पाजायचा होता... पण बाबांचे प्रश्न संपेपर्यंत बाबा उभे राहणार होते.